परत आणलेला मरवा

१

दुपारची भांडी घासून झाली की मनकर्णाबाई नातीची वेणी घालायला बसत. सकाळी त्यांना सवड नसे, आणि तिन्हीसांजेला केस मोकळे सोडणं त्यांना मुळीच खपत नसे. उरली दुपार. नवरा मोतीराम चिखलीच्या दाणाबाजारात मापारी. तो सकाळी भाकर बांधून गेला की दिवेलागणीशिवाय फिरकत नसे. चैताच्या उन्हात आळीतली कुत्रीसुद्धा भिंतीच्या कडेला जीभ काढून पडलेली. अशा वेळी घरात दोघीच, आजी आणि चार वर्षांची सोजर.

घर धाब्याचं, तीन पावलांचं. पुढं ओसरी, मधे माजघर, मागं परसू. माजघराला खिडकी नव्हती, धाब्याला ठेवलेलं टीचभर भोक होतं तेवढंच. परसातल्या पांढऱ्या उन्हातून आत आलं की घटकाभर डोळ्यांपुढं नुसता अंधार. पण तिथं गारवा असे, म्हणून वेणी तिथंच घालायची. मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसत, पुढ्यात पाट टाकत आणि हाक मारत. सोजर धावत येई, पाठमोरी बसे. मग डोळ्यांची गरज नसे, बोटांना सगळं पाठ होतं.

चार वर्षांच्या पोरीचे केस ते किती! वेणी वीतभर व्हायची आणि संपायची. बोटं मात्र पुढंही हलत राहायची. त्यांना सवय कोकिळेच्या केसांची होती. कोकिळा म्हणजे सोजरची आई, मनकर्णाबाईंची एकुलती लेक. तिची वेणी कमरेखाली जाई. उजव्या कानामागं लहानपणी गळू झालं होतं, तिथं चिंचोक्याएवढी जागा बिनकेसांची राहिली होती. ती झाकायची म्हणून मनकर्णाबाई पहिला पेड तिकडून ओढून घेत. आणि वेणी होत आली की कोकिळा मागं न बघता खांद्यावरून हात मागं करायची. तळहातावर मरव्याचे तीन शेंडे. तेवढे वेणीत खोवले की काम झालं.

कोकिळा गेली त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

२

मरवा या घरचा जुना. न्हाणीच्या आडोशाला, फुटक्या रांजणाच्या खालच्या अर्ध्यात तो लावलेला असे. मरव्याचे लाड फार. ऊन कोवळंच हवं, पाणी शिंपडल्यासारखं हवं, आणि पांढऱ्या कळ्या धरायच्या आत शेंडे खुडले पाहिजेत, नाही तर वास उतरतो. पण एकदा जमला की घरभर उपयोग. वेणीत मरवा, पेटीतल्या लुगड्यांत वाळलेला मरवा, पोराचा कान ठणकला की रसाचे दोन थेंब.

मनकर्णाबाईंच्या माहेरची एक रीत होती. लेक सासरी निघाली की आईच्या मरव्याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या ओटीत घालायची. सासरच्या मातीत काडीनं मूळ धरलं, तर लेकही तिथं रुजली असं समजायचं. रीतीचा दुसरा अर्धा भाग असा, की दिलेला मरवा परत आणायचा नाही. का, ते कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं. विचारायची वेळच कधी आली नव्हती.

कोकिळेला लोणारकडच्या एका खेड्यात दिली होती. काडी लागली, छान फोफावली. मग मानमोडीच्या तापाचं साल आलं. आश्विनात घरंच्या घरं आडवी झाली. एका सोमवारी लोणारकडून आलेल्या माणसानं निरोप सांगितला, "कोकिळाबाईले बरं नाही. आई कधी येते, आई कधी येते, असं करून राह्यली."

गाडीवान मिळेना, अर्धी चिखली तापानं फणफणलेली. हे खरं. पण त्याहून खरं असं, की मनकर्णाबाईंनी मनात म्हटलं, ताप आहे, उतरेल, गुरुवारी निघू. हे त्यांनी पुढं कोणालाच सांगितलं नाही. निघाल्या गुरुवारी. पोचल्या तेव्हा राख थंड झाली होती.

सवाशीण बाई गेली तर तिला न्हाऊमाखू घालतात, हिरवं लुगडं नेसवतात, ओटी भरतात, वेणी घालून फुलं माळतात. त्या घरात उभी राहू शकेल अशी एक बाई नव्हती. मोठी जाऊ अंथरुणातूनच सांगत होती, "मावशी, कोकिळा म्हणे आई येनार हाये, असे केस पाह्यले तं बोलन मले. उठून बसली अन् येणी घालाले लागली. चार वेढे घातले अन् हात गळाले. तशीच नेली वं तिले."

मनकर्णाबाई तिथं रडल्या नाहीत. उठून परसात गेल्या. मरवा कोणी पाणी न घालताही हिरवागार उभा होता. निघताना त्यांनी त्याची एक काडी मोडून घेतली आणि पदराच्या टोकात ओली करून बांधली. माणूस राहिलं नव्हतं, तेवढी काडी तरी आपल्याकडं असू दे, एवढाच त्यात विचार. जावई शेषराव दारात उभा होता. त्यानं पाहिलं, पण त्याला रीत ठाऊक नव्हती. पुढं वर्ष सरता सरता त्यानं दुसरं लग्न केलं आणि सोजरला आजोळी आणून सोडलं.

३

परत आणलेली काडी अर्ध्या रांजणात लागली. घरचा जुना मरवा त्या साली पाण्यावाचून वाळला होता. हा त्याच जागी वाढला. पहिलं वर्ष त्यानं नुसतं मूळ धरण्यात काढलं. दुसऱ्या वर्षी फाल्गुन सरताना तो गुडघ्याएवढा झाला आणि मनकर्णाबाई सोजरच्या वेणीत एक-एक शेंडा खोवू लागल्या.

मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आपण खुडतो त्याहून जास्त खुडलं जात आहे.

रोज तीन शेंडे. मनकर्णाबाई खुडत ते मूठ घालून, ओरबाडल्यासारखं. त्यावरून त्यांनी लेकीची बोलणीही खाल्ली होती. हे तसं नव्हतं. खाली दोन पानं ठेवून, अंगठ्याच्या नखानं तिरपं कापल्यासारखं. सकाळी पाणी शिंपडताना झुडूप पुरतं असे. दुपारी भांडी घासून मागं वळून पाहावं तर तीन ठिकाणी ओला छेद, आणि हवेत वास.

त्यांनी रात्री नवऱ्याच्या कानावर घातलं.

"चिमण्या असतीन," मोतीराम भाकर मोडता मोडता म्हणाला.

"चिमणी तीनच शेंडे मोजून नेते का?"

"मंग गोजरबाई असन. तिले मोजता येते."

शेजारच्या गोजरबाईचा हात जरा लांब होता, हे आळीला माहीत होतं. मनकर्णाबाईंना हसू आलं आणि बरंही वाटलं. माणसाला कारण मिळालं की झोप लागते. दुसऱ्या दिवशी त्यांनी परसाचं दार आतून लावलं, गोजरबाईच्या बाजूच्या भिंतीवर काटे टाकले आणि रांजणापासून चार हातांवर भांडी घासत बसल्या. मान फक्त राख घेण्यापुरती वळवली असेल.

तीन छेद. शेवटच्यातून अजून पाणी येत होतं.

त्या कितीतरी वेळ रांजणाकडं बघत बसल्या. घाबरायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्यांचा जीव सुपाएवढा झाला. त्यांनी झुडपावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "खुड माय. तुझाच हाये."

४

यानंतर घराची दुपार बदलली. तसं काही दिसत नव्हतं. पण मनकर्णाबाई परसात असल्या की माजघरात लाकडी फणी उंबऱ्यावर आपटल्याचा आवाज येई, टक टक, दोनदा. फणीतले केस झटकायला कोकिळा अशीच आपटायची. आत जाऊन पाहावं तर फणी कोनाड्यात, जिथल्या तिथं. उंदीर असेल, त्या स्वतःला सांगत. लाकूड उन्हानं तडकत असेल. पुन्हा चार दिवस तोच आवाज, तोच दोनदा. लाकडालाही मोजता येत होतं म्हणायचं.

सोजर बाहेर खेळेनाशी झाली. दुपार झाली की माजघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची, आत तोंड करून.

"काय पाह्यतं वं?"

"ते बसेल हाये."

"कोण?"

"बाई." पोरीनं अगदी सहज सांगितलं. "पाटावर. पाठ करून."

मनकर्णाबाईंनी आत पाहिलं. अंधार होता, आणि पाट होता. बाकी काही नव्हतं.

"तोंड पाह्यलं का तिचं?"

"तोंड नाही दाखवत. केस हायेत. लई केस."

आईचा चेहरा सोजरला आठवत नव्हता. अडीच वर्षांची होती ती. मनकर्णाबाईंनी तिला उचलून कडेवर घेतलं. तिच्या डोक्याला मरव्याचा वास होता. त्या दिवशी त्यांनी तिच्या वेणीत मरवा घातला नव्हता. अजून वेणीच घालायची होती.

५

चैत्र सरला तसं पोरीचं खाणं तुटलं. अंग दुपारचं तापे, सांजेला आपोआप उतरे. वैद्याचा काढा झाला, सरकारी दवाखान्यातलं गुलाबी औषध झालं. सोजर रडत नव्हती, कुरकुरत नव्हती. नुसती दुपारची वाट पाहायची. पाटाच्या शेजारी आता ती स्वतः जाऊन बसू लागली होती, जरा सरकून, दुसऱ्याला जागा ठेवून.

गोजरबाई ताक घेऊन आली होती, तिनं ते पाहिलं. हात कितीही लांब असो, बाई जिवाभावाची होती. तिनं मनकर्णाबाईंना परसात ओढलं आणि रांजणाकडं बोट केलं.

"हे कुठून आणलं?"

"कोकीच्या घरून."

"परत आणलं?" मनकर्णाबाईंच्या माहेरची रीत ऐकून असलेल्या गोजरबाईचा आवाजच खाली गेला. "कसं केलं वं बाई असं! तिले घर दाखवून देल्लं तुनं. आता थे लेकराले नेल्याबिगर जाते काय?"

"माही लेक हाये थे. आपल्या पोरीले काऊन नेईन?"

"आपलीच हाये म्हणूनच तं नेईन."

रात्री त्या पोरीच्या उशाशी बसून राहिल्या. मोतीराम धाब्याकडं पाहत पडला होता. तो म्हणाला, "माह्या मनाचं विचारशील तं मले हे सारं खोटं वाटते." मग कुशीवर वळून म्हणाला, "पण झाड काढून टाक."

म्हणजे पोरीच्या डोक्याचा वास त्यालाही आला होता तर. इतके दिवस बोलला नव्हता.

सकाळी तो गेल्यावर मनकर्णाबाई रांजणापाशी गेल्या. एक लेक त्यांनी गुरुवारपर्यंत थांबून घालवली होती. नातीच्या बाबतीत आता वाट पाहायची नव्हती. दोन्ही हातांनी त्यांनी मरवा मुळासकट उपटला. वास असा उसळला की डोळ्यांतून पाणी आलं. आणि एकदा आलं ते थांबेना. लोणारला जे रडू आलं नव्हतं ते आता आलं. झुडूप त्यांनी भिंतीपलीकडच्या उकिरड्यावर टाकलं, हात राखेनं तीन वेळा धुतले.

वास गेला नाही.

६

दुपारी सोजरचं अंग गार लागलं. पोरीनं चार घास वरणभात खाल्ला. मनकर्णाबाईंनी मनातल्या मनात हात जोडले, भांडी घासली आणि नेमाप्रमाणं फणी-तेल घेऊन माजघरात आल्या. बाहेरचं ऊन डोळ्यांत राहिलं होतं, आत काही दिसत नव्हतं. भिंतीला टेकून बसल्या, पाट पुढं ओढला.

"ये वं सोजर, येणी घालू."

पाट किंचित करकरला. पुढ्यात पाठ येऊन टेकली. त्यांनी हात पुढं केला, केस हाती आले. कोरडे होते. तेलाचं बोट नाही की फणी नाही. "काय गुंता केला हा! धुळीत लोळली काय?" त्या पुटपुटल्या. मानेपासून बोटं खाली आणली तर वेणी आधीच धरलेली होती. चार वेढे घातलेले, पुढं केस मोकळे. गोजरबाईनं घालायला घेतली असेल आणि सोडून दिली असेल, तिचं काम नेहमीच अर्धवट. त्यांनी तिथूनच पुढं धरली.

एक पेड, दुसरा पेड. मन उकिरड्यावर होतं. बोटं आपली चालली होती. एक वीत झाली. बोटं चालली. दुसरी वीत झाली. किती दिवसांनी हात असे मोकळे चालत होते! तिसरा पेड वर, डावा आत, उजवा आत. केस संपत नव्हते, आणि हातांना त्यात काही वावगं वाटलं नाही. डोक्यात उजेड पडला तो मागाहून, आणि तोही बाहेरून आलेल्या हाकेनं.

"आजी! मी अठी हाओ परसात. मले काऊन नाही बलावलं?"

मनकर्णाबाईंनी वेणी मात्र सोडली नाही. डाव्या हातात ती घट्ट धरून त्यांनी उजवा हात हळूहळू वर नेला, कानामागं. चिंचोक्याएवढी जागा. गुळगुळीत, गार.

"गुरुवारी निघाली मी," त्या म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं. "सोमवारी निघाले पायजे होतं. चुकलं माह्यं."

पुढची पाठ हलली नाही. कोकिळा लहानपणी वेणी घालताना जशी मान ताठ धरून बसायची तशीच बसली होती. आणि मग त्यांना कळलं, की ही पोरीला न्यायला आलेलीच नव्हती. चार वेढ्यांवर थांबलेली वेणी घेऊन ती रोज दुपारी येत होती, रोज मरवा खुडून आणत होती, पाटावर बसत होती. आणि पाटावर हाक मात्र दुसरीलाच येत होती.

भीतीपेक्षा हे जास्त लागलं. मनकर्णाबाईंनी तेलाचं बोट घेतलं, केसांना चोळलं आणि विणू लागल्या. तिसरी वीत. चौथी. टोक जवळ आलं तसे त्यांचे हात मंद झाले. इथं थांबलं तर? शेवटचे दोन वेढे राहू दिले, तर उद्या ती पुन्हा येईल. परवाही येईल. रोज दोन बोटं विणावं, रोज थोडं उसवावं. उभा जन्म दुपारी लेक पुढ्यात बसेल. असा मोह झाला, नाही असं नाही.

तेवढ्यात पुढून हात आला. खांद्यावरून मागं, तळवा वर. अंधार आता जरा निवळला होता, तेवढा हात दिसला. बांगड्या नव्हत्या. तळवा रिकामा होता.

आज खुडायला झाड कुठं होतं?

"सोजर," मनकर्णाबाईंनी परसाकडं तोंड करून हाक दिली. "उकिरड्यावर मरवा पडेल हाये. हिरवे तीन शेंडे आण. धाव. अन् आत येऊ नको."

पावलं पळाली. पोरगी येईपर्यंत त्या वेणीचं टोक मुठीत धरून बसल्या. मुठीत वजन होतं. पावलं परत आली, उंबऱ्याशी थांबली.

"आजी, तीन नाही भेटले. बाकीचे सुकले. एकच हाये."

"फेक तिथूनच."

"कोणाची येणी हाये?"

"फेक म्हणलं ना!"

शेंडा मांडीवर येऊन पडला. कोमेजला होता, पण हिरवा होता. उंबऱ्यावर सोजरनं एक पाय उचलला होता, आत टाकायला. मनकर्णाबाईंना तो उजेडाविरुद्ध दिसला. आणि मग त्यांनी मोह बाजूला ठेवला. शेवटचे दोन वेढे घातले. टोकाला आगवळाची दोरी बांधली, गाठ मारली. एकुलता शेंडा वेणीत खोवला आणि लहानपणी मारायच्या तशी पाठीवर थाप मारली.

"झाली वं माय. जाय आता."

मुठीतलं वजन उतरलं. पाट पुन्हा किंचित करकरला. मनकर्णाबाईंना फक्त एवढंच दिसलं, की उंबऱ्यावर उभी असलेली सोजर उचललेला पाय मागं घेऊन बाजूला सरकली. घरातलं मोठं माणूस बाहेर निघालं की लेकरं अंग चोरून वाट देतात, तशी. मग तिनं मान वर करून परसाकडं पाहिलं, पार भिंतीपर्यंत.

"तोंड पाह्यलं का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

सोजरनं मान हलवली. हो की नाही, ते त्या अंधारात कळलं नाही.

७

उकिरड्यावरचा मरवा त्यांनी परत लावला नाही. तीन दिवसांत तो वाळून गेला. फणीचा आवाज त्यानंतर आला नाही. सोजरचा ताप गेला, ती पुन्हा आळीभर उंडारू लागली, आणि गोजरबाईनं सगळ्यांना सांगितलं की झाड काढायचं आपणच सुचवलं.

मनकर्णाबाई अजून दुपारी माजघरात बसतात. हाक मारायच्या आधी थोडं थांबतात, पाट रिकामाच ठेवून. काही होत नाही. कोकिळा उठून गेली त्या दुपारीही त्या अशाच बसल्या होत्या, रिकामी मूठ मांडीवर ठेवून, किती वेळ ते त्यांनाच माहीत. शेवटी सोजर आपण होऊन आत आली आणि पाटावर पाठमोरी बसली.

"आता माही घाल," ती म्हणाली.

मनकर्णाबाईंनी डोळे पुसले, फणी उचलली, तीन पेड केले. वेणी वीतभरच झाली.